आक्रीताचे आठ सवाल

कुशाबा उतेकरांची सलोनी कोण, हे पोलादपूर तालुक्यात ज्याला ठाऊक नाय, त्याची अजून अनिलशी गाठ पडलेली नाय एवढंच समजायचं. अनिल तिचा थोरला भाऊ. महाडच्या एमआयडीसीत एका औषधाच्या कंपनीत ऑपरेटर. शिक्षण नववी. दहावीचा फॉर्म भरला होता, पण पेपराच्या वेळेला दुसरंच काय तरी चाललं होतं, ते जाऊ दे. गडी मोटारसायकलवर वाडीतून खाली उतरला की पहिल्या टपरीपासून कंपनीच्या गेटापर्यंत पंचवीस किलोमीटरात विषय एकच. आमची सलोनी वकील होणार. कुणी विचारलेलं नसायचं.

आणि का नाय सांगणार? पोरगीच तशी. वाडीत गावकी बसते ती देवळात. बाप्ये आत, बायापोरी बाहेर पायऱ्यांवर. सलोनी सहा वर्षांची असल्यापासून त्या पायऱ्यांवर बसायची. बाकीच्या पोरी खड्यांनी खेळायच्या, ही कान लावून आतलं ऐकायची. घरी आली की खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि आख्खी गावकी एकटीने करून दाखवायची. भिकाजीकाका बोलायच्या आधी तीनदा कसा खाकरतो, सोमा मुद्दा सोडून आपल्या बैलाचं कसं सांगत बसतो, आणि शेवटी आबा, म्हणजे त्यांचे वडील कुशाबा, गावकीचे कारभारी, गुडघ्यावर हात आपटून कसे विचारतात, "आता येक सांगा. तुम्हा दोघांतला खोटा कोण?"

आबांची गावकी या एका सवालावर पंचवीस वर्षं चालली. दोन माणसं दोन तऱ्हेचं बोलतात म्हणजे एक खोटा. खोटा सापडला की त्याने देवाला नारळ द्यायचा आणि सगळ्यांनी जेवायला घरी जायचं.

बारावीला सलोनी वाडीत पहिली आली. वाडीत बारावीला दोघंच होती, पण पहिली ती पहिली. मग तिने सांगितलं की वकिलीच्या कॉलेजात जायला एक परीक्षा असते, सीईटी, ती द्यायची. आबा पानाला चुना लावत होते. ते म्हणाले, "येक साल. येका सालात झालं तर झालं. नाय तर पुढच्या पावसाळ्यापासून अन्याच्या कंपनीत पॅकिंगला. हर्षद ठेकेदाराला मी सांगून ठेवलाय, येक नाव लिवून ठेव म्हणून."

अनिलला ते लागलं. पॅकिंगला उभ्या राहणाऱ्या पोरी काय वाईट नाय, चांगल्या घरच्या पोरी हायत. पण आठ तास तोंडाला मास्क लावून ड्रमावर लेबलं चिकटवायची. आणि सलोनीचं तर सगळं काम तोंडाचं. तिला तिथं उभी करायची म्हणजे कोंबड्याला मुका करून पहाट करायला सांगण्यातला प्रकार.

तर पोरगी अभ्यासाला बसली. मोबाइलवर सराव पेपर सोडवायची. कायद्याचे सवाल फटाफट. इंग्रजी बरं. पण त्या पेपरात तर्काचे म्हणून सवाल असतात, त्यात एक जात होती, 'अनपेक्षित निकालाचे स्पष्टीकरण'. एका सराव पेपरात असे आठ सवाल. सलोनीचे आठच्या आठ चुकायचे. पुढच्या पेपरात परत आठ, परत भोपळा. मार्च लागला, परीक्षा दीड महिन्यावर आली, आणि पोरगी जेवणात लक्ष देईना.

रविवारी अनिलला सुट्टी. आई, म्हणजे शकू, अंगणात पोह्याचे पापड वाळत घालत होती आणि सलोनी कावळे हाकायच्या निमित्ताने काठी घेऊन नुसती बसली होती. कावळा पापड घेऊन गेला तरी तिला कळलं नाय.

"वाच बघू एक," अनिल म्हणाला.

"तुला काय कळणार दादा?"

"तू वाच गो. कळलं नाय तर कावळे हाकतो."

तिने वाचलं. एका गावात दवाखाना नव्हता. सरकारने दवाखाना सुरू केला. पुढच्या वर्षी त्या गावातल्या आजाऱ्यांची नोंद तिप्पट झाली. खालीलपैकी कोणते विधान सत्य मानल्यास या अनपेक्षित निकालाचे सर्वांत चांगले स्पष्टीकरण मिळेल?

"अनपेक्षित म्हंजे?"

"जे व्हायला नको होतं ते झालं."

"म्हंजे आक्रीत."

सलोनीला कितीतरी दिवसांनी हसू आलं. "हो. आक्रीत."

"मंग तसं सांग की. अगो, दवाखाना नव्हता तेव्हा लिवून ठेवायला होता कोण? माणसं आजारी पडायची, काढा प्यायची आणि गप झोपायची. आता डॉक्टर आला, त्याच्याकडे वही हाय."

सलोनीने उत्तर उघडून बघितलं. बरोबर. तिने अनिलकडे अशी नजर टाकली, जशी माणूस बोलणाऱ्या बैलाकडे टाकेल.

"तू कुठला पर्याय घातलास?" अनिलने विचारलं.

"'क'. कर्मचाऱ्याने आकडे फुगवून लिहिले."

मग अनिलने तिची वही मागितली. नववीवाला माणूस, पण कंपनीत दहा वर्षं रोजच्या रोज वही भरतो, वही कशी बघायची ते त्याला पक्कं ठाऊक. सोळा सवाल बघितले. सोळाही ठिकाणी पोरीने एकच केलं होतं. कुठं दुकानदार लबाड, कुठं मोजणारा चुकला, कुठं बातमी खोटी.

"सले," तो म्हणाला, "आंधळ्याने बोट ठेवलं तरी आठात दोन बरोबर येतील. चार पर्याय, एक तर लागतोच की नाय कधी ना कधी? तुझं शून्य येतं म्हंजे तू नेम धरून चुकतेस. तू सवाल सोडवीत नायस गो. तू गावकी करतेस."

शकूचा हात पापडावर थांबला. सलोनीची काठी खाली पडली.

"आबा जसं करतात तसं," अनिल म्हणाला. "दोन गोष्टी जुळत नाय म्हंजे एक खोटी. तो सवाल तुला काय सांगतोय? सत्य मानल्यास. दोन्ही खऱ्याच धरून चालायचं."

"दोन्ही खऱ्या, तर मग जुळतात कशा?"

इथं अनिलने मांडी बदलली. आता गडी आपल्या जागेवर आला होता. त्याने तिला ड्रायरची गोष्ट सांगितली. गेल्या पावसाळ्यात एका बॅचला नव्वद किलो पावडर निघायला पाहिजे होती, निघाली सत्त्याण्णव. कमी निघाली तर माणूस समजू शकतो, सांडली, चिकटली. जास्त कशी निघेल? घातलाय त्यापेक्षा जास्त माल ड्रायरने पैदा केला? केमिस्ट साहेब म्हणाले, काटा चुकलाय. काटा तपासला, काटा बरोबर. मग म्हणाले, ऑपरेटरने वहीत चुकीचं लिहिलंय. वही तपासली, वही बरोबर. साहेब डोक्याला हात लावून बसले. अनिलने ग्लोव्हजमध्ये चिमूटभर पावडर घेतली आणि दाबली. तिचा लाडू झाला.

"ओली होती," सलोनी म्हणाली.

"ओली होती. ड्रायरचा गास्केट, म्हंजे दाराची रबरी पट्टी, गेलेला, माल सुकलाच नव्हता. वरचे सात किलो म्हंजे पाणी. काटा खरा, वही खरी. मंग तिसरा कोण? तो तिसरा शोधायचा. कंपनीत खोटा शोधत बसलं तर बॅच जाते."

त्या दिवशी दुपारपर्यंत आठातले सहा सुटले. संध्याकाळपर्यंत आठ. आणि रात्रीच्या जेवणापर्यंत घरात कुणी धड वागेना.

पुढचा महिना कसा गेला ते वाडीला विचारा. ज्याला त्याला आक्रीत दिसायला लागलं. अनिल शिफ्टवरून आला की उंबऱ्यातूनच सवाल टाकायचा. वरंधचा घाट दुरुस्तीला बंद झाला, गाड्यांचा रस्ता तुटला, तरी घाटाखाली वडे विकणाऱ्या माणसाचे वडे दुप्पट खपले. कसे?

"तो खोटं बोलतोय," आबा जेवता जेवता म्हणाले.

"आबा, दोन्ही खरं धरायचं."

"धरला. तरी खोटं बोलतोय."

सलोनीने घास तोंडात असतानाच सोडवलं. घाट बंद हाय हे लोकांना खाली आल्यावरच कळतं. मग पाटी बघतात, पोलिसाशी हुज्जत घालतात, एवढं लांबून आलो म्हणून चिडतात, आणि चिडलं की भूक लागते. परत फिरायच्या आधी वडा. चालू रस्ता असता तर भुर्रकन निघून गेले असते.

शकूसुद्धा सुटली नाय. तिने चुलीपुढून सवाल टाकला. "भिकाजी भावोजींना चष्मा लागला. तवापासून ते जास्त धडपडतात. आधी कदी पडले नव्हते. सांग."

अनिल म्हणाला, चष्म्याचा नंबर चुकला. सलोनी म्हणाली, काच खराब. शकूने दोघांना नापास केलं. "आधी दिसतच नव्हतं तर घराभायेर कोण पडत होता? आता दिसतंय म्हणून सगळीकडे हिंडतात. हिंडणारा पडणार."

हे कसं तरी भिकाजीकाकांच्या कानावर गेलं. ते मुद्दाम अंगणात येऊन म्हणाले, "वयनी, मी कोर्टात जाईन हो," आणि जाताना तुळशीच्या कट्ट्याला अडखळले. सलोनी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसली.

शिमगा झाला आणि गावकी बसली. मुद्दा पाण्याचा. वाडीला झऱ्याचं पाणी पाइपाने येतं आणि व्हॉल्व सोडायचं काम भिकाजीकाकांकडे. वरच्या आळीला एक तास, खालच्या आळीला एक तास. खालच्या आळीत बयाबाई राहते, तिचा मुलगा विनीत मुंबईला. बयाबाईला त्या दिवशी खास आत बोलावलेलं. ती पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, भिकाजी पाणी चोरतो. एक तास म्हणतो, पण तिची टाकी निम्मीच भरते. आधी तासाभरात भरून वाहायची.

भिकाजीकाका तीनदा खाकरले. देवाकडे हात करून म्हणाले, मोबाइलात गजर लावून एक तास पाणी सोडतो. एक मिनिट कमी नाय. हा मोबाइल, हा गजर.

सोमाने बैलाचं सांगायला सुरुवात केली, त्याला गप बसवलं. मग आबांनी गुडघ्यावर हात आपटला. "आता येक सांगा. तुम्हा दोघांतला..."

"दोघंही खरं बोलतायत."

आवाज पायऱ्यांवरून आला. आतल्या सगळ्या माना एकदम वळल्या. अनिल आत खांबाला टेकून बसला होता. त्याला वाटलं आता उठावं आणि सगळ्यांना सांगावं की ही माझी बहीण. मग ध्यानात आलं, सगळ्यांना ठाऊकच हाय.

"कोण बोलला?" आबांनी विचारलं. त्यांनाही ठाऊकच होतं.

सलोनी पायरीवर उभी राहिली. आत आली नाय. तिथूनच विचारलंन, "बयाकाकी, शिमग्याला विनीतदादा टेम्पो घेऊन आला होता. त्यात काय आणलंन?"

"काय आणणार? टाकी आणलान. जुनी तडकली व्हती ना."

"जुनी किती लिटरची?"

"पाचशेची."

"आणि नवी?"

बयाबाईने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर हिशोब चाललेला आख्ख्या गावकीला दिसत होता.

"हजाराची," ती म्हणाली. आणि मग हळूच, "म्हंजे निम्मी भरली तर पाचशेच की गो."

आधी भिकाजीकाका हसले, मग सोमा, मग देऊळच हसलं. बयाबाई स्वतः एवढी हसली की तिला खांब धरावा लागला. नुसते आबा हसले नाय. ते गुडघ्यावर हात तसाच ठेवून बसले होते. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा खोटा सापडला नव्हता, आणि गुरव बाजूला उभा राहून विचारत होता, मग नारळ कोण देणार? तो मुद्दा त्या दिवशी काय निकाली निघाला नाय. पण घरी जाताना आबा अनिलला एवढंच म्हणाले, "पोरीने टाकीचा बरोबर हेरला." आबांच्या तोंडून हे म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून हारतुरे.

परीक्षा पनवेलला होती. अनिल सुट्टी टाकून सोबत गेला. कंपनीत बदली माणूस नव्हता, साहेब कुरकुरले, अनिल म्हणाला पगार कापा. बाहेर फाटकाशी तीन तास उभा राहून त्याने दुसऱ्या पोरांच्या बापांना सलोनीविषयी जे जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं. पोरगी बाहेर आली ती पांढरीफटक. म्हणाली, लय कठीण होता दादा, आक्रीताचे सवाल तेवढे सगळे सोडवले, बाकीचं काय सांगता येत नाय. अनिलसारखा माणूस पनवेल ते पोलादपूर गप्प बसला, यावरून समजा.

जून लागला. हर्षद ठेकेदाराचा निरोप आला, पॅकिंगला पंधरा तारखेपासून नव्या पोरी घ्यायच्यात, उतेकरांचं नाव ठेवू ना? आबा म्हणाले, ठेव. निकाल नव्हता, तर दुसरं काय म्हणणार?

निकाल लागला तो नेमका अनिलच्या पहिल्या शिफ्टला. कंपनीत आत मोबाइल नेऊ देत नाय, गेटावर जमा करावा लागतो. अनिल वर रिअॅक्टरच्या मजल्यावर होता, सोबत राजेश. दहाच्या सुमाराला फोन वाजला, कंपनीच्या आतला. गेटावरचा चांगू वॉचमन.

"अन्या, तुज्या बहिणीचा फोन आलेला. निकाल सांगितलान."

"बोल."

"अठ्ठ्याहत्तर. आणि शहाण्णव."

"काय अठ्ठ्याहत्तर आणि शहाण्णव?"

"तेच. मार्क अठ्ठ्याहत्तर म्हणाली. आणि पर्सेंटाइल का काय ते, शहाण्णव. बोलली, दादाला दोन्ही सांगा, आणि ठेवलान."

"अरे पण मार्क का कमी? सराव पेपरात ब्याण्णव यायचे तिला. हसत होती का रडत होती?"

"पाठीमागून ट्रक गेला, कळला नाय. बस आता, गेटावर सामान आलाय." आणि चांगूनेही ठेवला.

त्या मजल्यावरून खाली पॅकिंगची शेड दिसते. हिरव्या टोप्या घालून पोरी ओळीने उभ्या होत्या. अनिलने एकदा बघितलं आणि परत तिकडे बघितलं नाय. सराव पेपरात ब्याण्णव आणि खऱ्या पेपरात अठ्ठ्याहत्तर म्हणजे पोरगी घसरली. घसरली तर शहाण्णव कुठून आले? पर्सेंटाइल म्हणजे काय हे सलोनीने त्याला एकदा सांगितलं होतं, शंभर पोरांत तू किती जणांच्या पुढे ते. मग चौदा मार्क कमी पडून शंभरातल्या शहाण्णवांच्या पुढे कसं जाता येईल?

"चांग्या खोटं बोलतोय," तो राजेशला म्हणाला. "त्याला नीट ऐकू येत नाय. एकोणसत्तर म्हणाली असंल, याने शहाण्णव ऐकला."

"एकोणसत्तर आणि शहाण्णव सारखं वाटतं?" राजेश म्हणाला.

"आकडे उलटे केले की होतात."

"चांगू आकडे उलटे करून ऐकतो?"

अकरा वाजले, बारा वाजले. त्याने प्रेशर बघितलं, वहीत लिहिलं, टेंपरेचर बघितलं, वहीत लिहिलं. डबा उघडला तसा बंद केला. दोन वाजता वही भरताना त्याचं पेन थांबलं. काटा खरा. वही खरी. आणि आपण सकाळपासून खोटा शोधतोय, तो पण बिचारा चांगू.

मग दोन्ही खरं धरलं. तिसरा कोण?

गेल्या वर्षीची एक गोष्ट त्याला आठवली. जुलैत त्यांच्या प्लांटचा माल कमी निघाला होता, नेहमीपेक्षा बराच कमी, आणि तरी महिन्याचा पहिला नंबर त्यांचाच आला. साहेबांनी पेढे वाटले तेव्हा अनिलनेच विचारलं होतं, कशाबद्दल? साहेब म्हणाले, अरे, महिनाभर लाइट जात-येत होती, बाकीच्या तिन्ही प्लांटचा तुमच्याहून कमी निघाला.

"राज्या," तो म्हणाला, "पेपर सगळ्यांनाच कठीण गेला."

"कुठला पेपर?"

"सगळे घसरले. ती पण घसरली, पण बाकीचे खड्ड्यातच गेले. ती शहाण्णव जणांच्या पुढं हाय." आणि त्याने राजेशला उचललं. राजेश अंगापिंडाने मजबूत हाय, पण उचललं.

घड्याळात पावणेतीन झाले होते. तीनला शिफ्ट सुटली. गेटावर अनिलने आधी चांगूचे दोन्ही हात धरले, चांगूला का ते कळलं नाय. तिथून हर्षद ठेकेदाराच्या केबिनीत.

"नाव काढ."

"कुणाचं?" हर्षदने विचारलं.

"वकीलबाईंचं."

हर्षदने वहीत बोट फिरवलं. "इथं वकीलबाई कोण नाय. सलोनी कुशाबा उतेकर हाय एक."

"तेच ते. रेघ मार. दोनदा मार." आणि मारेपर्यंत तो तिथून हलला नाय.

महाडातून पेढे घेतले, घाटाच्या वळणावर दोन वेळा थांबून अनोळखी माणसांना दिले, आणि वाडीत पोचला तेव्हा पुडा निम्म्यावर आला होता. आबा ओट्यावर बसले होते, समोर भिकाजीकाका, आणि आबा त्यांना मोठ्या तोंडाने समजावून सांगत होते की मार्क आणि पर्सेंटाइल हे दोन वेगळे असतात, दोन्ही खरे असतात, त्यात खोटा कोण शोधायचा नसतो. जसं काय हे त्यांना लहानपणापासून ठाऊक.

सलोनी दारात उभी होती. तिने गेल्या सालची यादी आधीच बघून ठेवली होती, शहाण्णवला पनवेलचं कॉलेज लागतं. पुढे ते लागलंही.

"चांगूकाकांनी दोन्ही सांगितले ना?" तिने विचारलं.

"सांगितलान."

"मुद्दाम एवढंच सांगा म्हटलं. तुला आक्रीताचा सवाल घातला होता. सुटला?"

"लगेच," अनिल म्हणाला. "फोन ठेवला आणि सुटला."

"खरं सांग."

अनिलने खांद्यावरची बॅग काढली, हेल्मेट खुंटीला लावलं, पाणी प्यायला.

"पावणेतीनला," तो म्हणाला.

"पेपरात एका सवालाला एक मिनिट मिळतं, दादा."

ओट्यावर आबांनी मान वळवली, भिकाजीकाकांनी चष्मा पुसून परत लावला, आणि पोरगी आता याच्यावर आणखी किती बोलणार हे ओळखून अनिलने पुड्यातला सगळ्यात मोठा पेढा उचलला आणि आख्खाच्या आख्खा तिच्या तोंडात कोंबला.